अंगठा दिलात, पावती मिळाली का?



पोस्ट थोडी लांब आहे, पण आपल्या पैशाची आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

डहाणू असो की तलासरी, आज अंगठ्याशिवाय काम होत नाही. रेशनच्या मशीनवर अंगठा, सिमकार्ड घेताना अंगठा, गावातल्या बँक पॉइंटवर पैसे काढताना अंगठा. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत तर स्वतःचं आधार, ओटीपी आणि वर नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार. देणारे आपण. घेतलेली माहिती पुढे कुठे जाते, हे आपल्याला कोणी सांगतं का?

"आम्ही गरीब माणसं, आमच्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?" असं बरेच जण म्हणतात. घोळ इथेच आहे. आधारवरून पैसे काढायला, म्हणजे एईपीएसला, तीनच गोष्टी लागतात: आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. कार्ड नको, पिन नको, ओटीपीही नको. सोय चांगली आहे, तालुक्याला जायचं भाडं आणि दिवसाची मजुरी वाचते. पण जी सोय आपल्याला, तीच चोरालाही. "अंगठा लागला नाही, परत लावा" म्हणून दोनदा पैसे काढण्याचे प्रकार ठिकठिकाणी उघड झालेत. काही राज्यांत तर जमिनीच्या दस्तांवरच्या ठशांवरून नकली ठसे बनवून लोकांची खाती रिकामी केली. पिन फुटला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार?

आता कायद्याचं बघू. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे आणखी दीड वर्ष. दंड २५० कोटींपर्यंत आहे, ऐकायला भारी वाटतं. पण तो दंड सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई द्यायची तरतूद या कायद्यात नाही.

आणि संमती? कायदा म्हणतो, माणसाला नीट समजावून, त्याच्या मर्जीने संमती घ्या. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळू शकते. मराठी त्यात आहे, वारली नाही. शिवाय सरकारी लाभांसाठी बऱ्याच वेळा नव्याने संमती विचारायचीही गरज ठेवलेली नाही. अंगठा दिला नाही तर धान्य अडतं, तिथे "मर्जी" कसली?

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभली या आदिवासी गावात दिलं गेलं. घ्यायची सुरुवात आदिवासी गावापासून झाली. मग संरक्षण आमच्यापर्यंत शेवटी का यावं?

न वाचलेल्या कागदावर अंगठा देणं काय असतं, हे आपल्या भागाला शिकवायला नको. सावकाराच्या वह्या आजोबा-पणजोबांनी भोगल्यात. १९४५ मध्ये तलासरी तालुक्यातल्या झरी गावात वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणाले, ते याच भागात. आज वही मशीनमध्ये आहे, एवढाच फरक.

कायद्याची वाट बघत बसण्यापेक्षा आजपासून हे करा:

१. पैसे काढले की छापील पावती घ्या. अंगठा लागला नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा लावण्याआधी खात्यातून पैसे गेलेत का ते तपासा.

२. जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

३. आधारच्या वेबसाईटवर किंवा ॲपवर बायोमेट्रिक लॉक करता येतं. मात्र रेशन घ्यायच्या वेळी ते उघडावं लागेल, हे लक्षात ठेवा. मोबाईल नंबर जोडलेला नसेल तर आधी तो जोडा.

४. पैसे गेले तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेलाही कळवा.

आणि एक काम सगळ्यांनी मिळून करायचं. आपले दोन्ही तालुके पेसात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने सावकारीवर आणि सामाजिक क्षेत्रातल्या संस्था-कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभा-पंचायतीला दिलाय. मग ठराव घ्या: गावात जो कोणी अंगठा घेईल, त्याने नाव, बँक आणि तक्रारीचा नंबर बाहेर लावावा, पावती द्यावी, आणि लाभार्थ्यांच्या याद्या पूर्ण आधार किंवा खाते नंबरासकट व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नयेत. यात सरकारविरोधी काही नाही. हा साधा हिशोब आहे.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय कोण मांडतंय? गावाचं नाव कमेंटमध्ये लिहा. फक्त कृपा करून आधारचा फोटो टाकू नका!