काळाचे प्रश्न सोडून का द्यायचे?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं : 'इंग्रजी आपला प्रांत नाही, बाकीच्या विषयांत भरून काढू.' आम्ही या वाक्याच्या विरोधात लिहीत आहोत. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांना २०० गुण होते. त्यातले २५ प्रश्न, म्हणजे ५० गुण, इंग्रजीचे. सातबारा मराठीत, फेरफार मराठीत, मग तलाठ्याला इंग्रजी कशाला, हा सवाल रास्त आहे आणि तो सरकारला विचारलाच पाहिजे. पण त्याचं उत्तर मिळेपर्यंत पाव पेपर कुणाला आंदण द्यायचा?

अशा पेपरांत क्रियापदाच्या काळाचे प्रश्न हमखास असतात. रिकामी जागा, चार पर्याय. घरी इंग्रजी ऐकत वाढलेला मुलगा नियम न आठवताच उत्तर देतो. 'कानाला बरोबर वाटतं' एवढंच त्याचं कारण. पिएर बोर्द्यू या समाजशास्त्रज्ञाने याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. कान वारशाने मिळतो आणि निकालाच्या यादीत त्याला 'गुणवत्ता' म्हणतात. वस्तीतल्या मुलीकडे हा वारसा नाही. तिला नियम समजून घ्यावा लागतो, आणि तो समजतो.

पण शिकवलं काय जातं? ट्रिक. 'सिन्स' किंवा 'फॉर' दिसलं की डोळे मिटून 'हॅज बीन'. आता हे वाक्य घ्या : 'बिफोर ही केम टू मुंबई इन १९९८, ही ____ इन नागपूर फॉर टेन इयर्स.' ट्रिकवाला 'हॅज बीन लिव्हिंग' निवडतो. बरोबर उत्तर 'हॅड लिव्ह्ड'. मुंबईला येणं झालेलं आहे, आणि नागपूरची दहा वर्षं त्याच्याही आधीची. किंवा 'सिन्स ही वॉज इल, ही डिड नॉट कम.' इथे 'सिन्स' म्हणजे 'पासून' नव्हेच, तो आजारी होता म्हणून आला नाही. ट्रिक शब्द बघते, घटना बघत नाही. आणि पेपर काढणाऱ्यालाही ती ट्रिक ठाऊक असतेच!

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा-बारा वर्षं हा विषय शिकून मुलांना 'हॅज' आणि 'हॅड' मधला फरक सांगता येत नसेल, तर दोष मुलांच्या डोक्याचा नाही.

आमचं म्हणणं, काळ मराठीतूनच समजावा. 'ती २०१५ पासून इथे राहते' असं आपण म्हणतो, साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला तो पुरत नाही. सुरुवात मागे झाली आणि राहणं अजून चालू आहे, म्हणून 'शी हॅज बीन लिव्हिंग हिअर सिन्स २०१५'. 'मला कळतंय'चं शब्दशः 'आय ॲम अंडरस्टँडिंग' केलं की गुण गेला, तिथे 'आय अंडरस्टँड' हवं. 'मी त्याला काल पाहिलंय' मराठीत खपतं. इंग्रजीत 'यस्टर्डे' आलं की 'हॅव सीन' बाद, 'सॉ'च लिहायचं.

आणि 'तो आला की सांगते' हे वाक्य बघा. 'आला' हे रूप भूतकाळाचं, माणूस मात्र अजून यायचाय! रूप एका काळाचं आणि वेळ दुसरी, हे आपली पोरं रोज बोलतात. 'व्हेन ही कम्स, आय विल टेल यू' मध्ये तोच प्रकार आहे. येणार उद्या, क्रियापद 'कम्स'. तिथे 'विल कम' टाकलं की चुकलं. 'व्हेन'नंतर 'विल' नको हा नियम घोकून विसरणारी मुलं 'तो आला की' वरून तो लगेच पकडतात, असा आमचा अनुभव आहे.

सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितलं. त्यांच्या जयंतीला डीजेसाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळांनी एकदा हिशेब करावा, त्या पैशांत विहारातल्या अभ्यासिकेसाठी व्याकरणाची किती पुस्तकं आली असती.

जिथे अभ्यासिका आहे तिथे आजपासून रोज काळाचे पाच प्रश्न फळ्यावर लिहा. उत्तरासोबत कारण मराठीत सांगायचं : कोणती घटना आधीची, कोणती नंतरची, कोणती अजून चालू. कारण सांगता आलं नाही तर बरोबर उत्तरालाही गुण द्यायचा नाही.