गुरुजींना ‘फोडून काढा’ म्हणणे बंद करा!

प्राथमिक शाळेतील शिस्तीविषयी पालक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना जाहीर आवाहन

पालक बंधू-भगिनींनो,

जूनमध्ये आपण शाळेत प्रवेशोत्सव करतो. पहिलीच्या मुलांना बैलगाडीत बसवून मिरवतो, त्यांच्या हातात गुलाबाचे फूल आणि कोरी पुस्तके देतो, पुढारी येऊन फोटो काढून घेतात. पोळ्यापर्यंत त्याच मुलांपैकी कोणी अंगठे धरून उभे असते, कोणी उठाबशा काढत असते, कोणाच्या बोटांच्या पेरांवर उभी पट्टी बसलेली असते. तेव्हा फोटो काढायला कोणी येत नाही.

याचा सगळा दोष शिक्षकांवर ढकलून आम्ही मोकळे होणार नाही. मुलाला शाळेत सोडताना फाटकातूनच ओरडून सांगणारे आपणच असतो : ‘गुरुजी, लई मस्ती करतंय, चांगलं फोडून काढा. आमची काही तक्रार नाही.’ हे पत्रक त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

ही परवानगी देण्याचा अधिकार आपल्याला नाही

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून देशात लागू आहे. त्याचे कलम १७ सांगते की कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा करता येणार नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येणार नाही. जो करील त्याच्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होईल. पालकांची हरकत नसेल तर चालेल, असा अपवाद त्या कलमात कुठेही नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत वर्गात शिस्त मोडणारा असतो तो छडी उगारणारा. मुलाने केलेला दंगा त्यानंतरची गोष्ट आहे.

याच कायद्याचे कलम २९ मुलाला भीती आणि दडपण यांपासून मुक्त ठेवण्याची, त्याला मोकळेपणी बोलू देण्याची जबाबदारी शिक्षणव्यवस्थेवर टाकते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ नुसार, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच त्याला क्रूरपणे वागवले तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याच्याही आधी, डिसेंबर २००० मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळांच्या नियमावलीतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द ठरवली होती.

आणि हा प्रश्न चार-दोन शाळांपुरता कधीच नव्हता. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. तीत शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी आपल्याला शाळेत मार बसतो असे सांगितले होते. त्यानंतर कायदा आला आणि शाळेच्या भिंतीवर बालहक्कांचे फलक रंगवले गेले. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला कपाटामागे छडी अजून उभी आहे.

मुलांचे ‘गुन्हे’ एकदा तपासून पाहा

पहिली ते पाचवीच्या मुलांना कशाकशासाठी शिक्षा होते, याची यादी करा. उशिरा आला, गृहपाठ केला नाही, गणवेश मळका आहे, वही आणली नाही, सातचा पाढा येत नाही, वर्गात बोलला. यातले मुलाच्या हातात किती आहे?

सात वर्षांची मुलगी उशिरा येते, कारण आई पहाटेच निंदणीला गेलेली असते आणि धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून तिला यायचे असते. गणवेश एकच असतो आणि पावसाळ्यात तो वाळत नाही. लहान मुलांना झोप पुरत नाही हे सरकारलाही पटले. २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असे राज्य शासनानेच सांगितले. मोठ्यांच्या वेळापत्रकातली चूक दुरुस्त होईपर्यंत वर्गाबाहेर मात्र मुलेच उभी राहिली.

बीड जिल्ह्यातले जोडपे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जाते तेव्हा बऱ्याचदा मूलही बरोबर जाते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, पण सगळीच मुले मागे राहत नाहीत. उसाच्या फडातून ते मूल उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते आणि त्याला भागाकार येत नाही. हा अपराध कोणाचा? नंदुरबारचे पावरी बोलणारे किंवा भामरागडचे माडिया बोलणारे मूल पहिलीत पुस्तकी मराठीतला प्रश्न ऐकून गप्प राहते आणि उद्धट ठरते. पाढा न येणे हे गैरवर्तन नव्हे. पाढा येत नसेल तर तो पुन्हा शिकवावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

हे ‘गुन्हे’ यादीतून खोडले की खऱ्या बेशिस्तीचे थोडेच प्रकार उरतात : मारामारी, चिडवणे, दुसऱ्याची वस्तू उचलणे, मोडतोड, खोटे बोलणे. हे प्रकार थांबलेच पाहिजेत, यात आमचे दुमत नाही. पण दुसऱ्याला मारले म्हणून आपण मुलाला मारतो तेव्हा ते एवढेच शिकते की मोठ्याने लहानाला मारलेले चालते. खोटे बोलले म्हणून मारले की पुढच्या वेळी ते सफाईने खोटे बोलते.

मॉनिटरचा प्रकार तर त्याहून वाईट. बाई वर्गाबाहेर गेल्या की एक पोर खडू घेऊन बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिते. मित्राचे नाव पुसले जाते, न आवडणाऱ्यापुढे फुल्या वाढतात आणि चॉकलेट दिले की सुटका होते. लाचलुचपतीचा पहिला धडा आपण तिसरीच्या वर्गात देतो आणि पुढे तलाठी कार्यालयात जाऊन कपाळाला हात लावतो.

छडी नसलेल्या शाळांनी फुशारकी मारू नये

आमच्या शाळेत कोणी हात उगारत नाही, असे शहरातल्या महागड्या शाळा सांगतात. मग मराठीत बोलला म्हणून दंड कोण घेते? फी थकली म्हणून मुलाचे नाव वर्गात मोठ्याने कोण वाचते? ‘ढ’ मुलांना वेगळ्या रांगेत कोण बसवते, आणि ‘दाखला हातात देऊ’ ही धमकी कोण देते? मानसिक छळही त्याच कलम १७ मध्ये आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, असे कलम १६ बजावते. वळ दिसत नाही म्हणून छळ झालाच नाही, असे होत नाही.

नेहमीच्या तीन सबबी

पहिली : ‘आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?’ हे वाक्य माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, फेटा बांधून, माईकसमोर ऐकू येते. ज्याने माराच्या धास्तीने चौथीतच दप्तर टाकले आणि जो गुरांमागे गेला, त्याला त्या मेळाव्याचे निमंत्रण नसते. त्याचे काय बिघडले, ते त्याच्या घरी जाऊन विचारा. आपण मारामुळे शिकलो की मार खाऊनही शिकलो, हेही प्रत्येकाने मनाशी तपासावे.

दुसरी : ‘धाक नसेल तर पोरे डोक्यावर बसतात.’ धाकाने वर्ग गप्प होतो, हे खरे आहे. तो शिक्षकाची पाठ वळेपर्यंत गप्प राहतो. त्याच धाकाने मूल शंका विचारणेही बंद करते. आणि सर्वांत घातक गोष्ट पुढेच आहे. उद्या कोणी नको तिथे हात लावला तर ते सांगायलाही मूल घाबरते. मोठ्या माणसाला उलटून बोलायचे नाही, हे आपणच त्याच्या मनावर मारून बिंबवलेले असते.

तिसरी सबब शिक्षकांची आहे आणि तिच्यात तथ्य आहे : ‘दोन शिक्षक, पाच वर्ग. शिकवायचे कधी आणि सांभाळायचे कसे?’ शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरलेले आहेत, म्हणजे वाडीवरच्या शाळेत पाच इयत्ता दोघांनी ओढायच्या. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामे शिक्षकांना देता येतात. त्या निवडणुकीच्या दारातूनच मतदार यादीचे काम वर्षभर शाळेत शिरते. वर पोषण आहाराच्या नोंदी आणि तासाभरात मागवलेली ऑनलाइन माहिती. केंद्रप्रमुखाचा फोन येतो, डोके तापते आणि पट्टी बसते ती मुलाच्या हातावर. शिक्षकांनी या कामांविरुद्ध मोर्चा काढला तर आम्ही पालक पुढच्या रांगेत चालू. पण वरून आलेला जाच खाली मुलावर उतरवण्याचा परवाना कोणालाही मिळणार नाही.

मग शिस्त लावायची कशी?

हे शोधायला परदेशात जावे लागत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि शिक्षा व बक्षिसे यांच्याशिवाय लहान मुलांना शिकवता येते, हे करून दाखवले. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरे राखायला जात आणि शाळेत येत नसत. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी गैरहजेरीबद्दल कोणाला ओणवे केले नाही. गुरे चरत तिथेच त्यांनी शाळा नेली. ती कुरणशाळा. मूल का येत नाही, हे आधी शोधायचे आणि व्यवस्था बदलायची : शिस्तीची खरी सुरुवात तिथून होते.

रोजच्या वर्गात हेच साध्या रीतीने करता येते. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, परिपाठाच्या वेळी, मुलांना विचारून चार-पाच नियम ठरवा. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. कोणी कोणाला मारायचे नाही, नावे ठेवायची नाहीत. घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची. नियम मुलांच्याच शब्दांत लिहा, भिंतीवर लावा, आणि ते शिक्षकांनाही लागू आहेत हे त्यांना सांगा. तास सुरू असताना बाईंच्या हातात मोबाईल असेल तर मुलाला बोट दाखवता आले पाहिजे.

नियम मोडला तर त्याचा परिणाम त्या चुकीशी जोडलेला असावा. पाणी सांडले तर फडके घेऊन पुसायचे. वही फाडली तर ती चिकटवून द्यायची. दोघे भांडले तर मधल्या सुट्टीत दोघांचे म्हणणे ऐकायचे, पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करणार हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. रागवायचे असेल तर बाजूला घेऊन रागवा, चारचौघांत नको. सहा वर्षांचे मूल पाऊण तास एका जागी मांडी घालून बसेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याला उठू द्या, हलू द्या.

एखादे मूल पुन्हा पुन्हा वर्ग मोडत असेल तर त्याच्याकडे नीट पाहा. फळ्यावरचे उतरवून न घेणाऱ्याचा डोळा कमजोर असू शकतो, हाक न ऐकणाऱ्याचा कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते तेव्हा त्या मुलाला पुढे करा. सकाळी ते काय खाऊन आले, घरी काय चालले आहे, हे विचारा. यासाठी छडीपेक्षा जास्त वेळ आणि जास्त संयम लागतो, हे आम्हाला मान्य आहे. मोठ्या माणसांच्या शिस्तीची परीक्षा तिथेच होते.

आणि पालकांनो, हे सगळे घरालाही लागू आहे. रात्री घरात पट्टा काढणाऱ्या बापाला शाळेतल्या छडीविरुद्ध बोलता येणार नाही.

आमच्या मागण्या

१. शाळा व्यवस्थापन समितीने याच महिन्याच्या सभेत ठराव करावा की या शाळेत शारीरिक शिक्षा आणि अपमान होणार नाही. ठराव इतिवृत्तात लिहावा व दर्शनी फलकावर लावावा. समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. बहुमत आपलेच आहे, ते वापरा.

२. प्रत्येक वर्गाचे नियम मुलांसोबत ठरवावेत आणि त्यांची प्रत घरोघर पाठवावी.

३. मॉनिटरकडून नावे लिहून घेणे बंद करावे. वर्गातली कामे पाळीपाळीने सर्वांना द्यावीत.

४. मूल उशिरा आले किंवा आले नाही तर पालकांशी बोलावे. मुलाला दारात उभे करू नये.

५. तक्रारपेटी समितीतील महिला सदस्यासमोर उघडावी. शाळेत दाद लागली नाही तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लागावा अशी तरतूद आहे. तातडीच्या वेळी १०९८ हा क्रमांक आहे. मात्र तक्रार झाली म्हणून जमाव करून शिक्षकाच्या अंगावर धावून जाणाऱ्यांना आमचा पाठिंबा नाही. चौकशी होऊ द्या. मुलांसमोर गुरुजींना मारणे हीसुद्धा छडीच आहे.

६. रिक्त पदे भरावीत आणि शिक्षकांवरची अशैक्षणिक कामे काढून घ्यावीत. या मागणीचे निवेदन पालकांनी स्वतः जिल्हा परिषदेत किंवा महापालिकेत नेऊन द्यावे.

पुढच्या पालकसभेत गणवेश आणि सहलीचे विषय संपल्यावर उठून एकच प्रश्न विचारा : ‘आपल्या शाळेत छडी आहे का?’ उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि खाली सही करा. आणि उद्या सकाळी फाटकातून गुरुजींना सांगा : ‘पोराला समजावून सांगा, आम्हीही घरी सांगतो. पण हात उगारू नका.’

हे पत्रक वाचून झाल्यावर शेजारच्या पालकाला द्या.

आपले,
काही पालक आणि काही शिक्षक