जनपदोद्ध्वंसाचे हिरवे लक्षण

चरकसंहितेतील जनपदोद्ध्वंसनीय विमानाचे अध्ययन आपण सर्वांनीच केले आहे. वायू, जल, देश आणि काल बिघडले की भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी व्याधिग्रस्त होतात, हा त्या अध्यायाचा गाभा. साथीच्या रोगांच्या संदर्भात आपण त्याचा वारंवार उल्लेख करतो. परंतु त्यातील दोन लक्षणांकडे सहसा लक्ष जात नाही. ज्या पाण्याला पक्षी सोडून गेले व ज्यातील जलचर क्षीण झाले, ते पाणी दुष्ट. आणि जेथे तृण व वेलींचे जाळे माजले, तो देश दुष्ट, असे आचार्य सांगतात. नाशिककरांना ही लक्षणे आज ग्रंथ न उघडताही दिसतात.

गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूरमध्यमेश्वर हे पक्ष्यांचे माहेरघर. जानेवारी २०२० मध्ये त्याचा रामसर यादीतील समावेश जाहीर झाला. हा मान मिळालेली राज्यातील ही पहिली पाणथळ जागा. त्याच गोदावरीवर दक्षिण अमेरिकेतून आलेली पानवेली पसरते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरदावर ती पोसते. पाणी झाकले गेले की प्रकाश खाली पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात आणि उघड्या पाण्यावर उतरणाऱ्या बदकांना जागा उरत नाही. यंत्राने ती काढली तरी सांडपाणी थांबेपर्यंत पुन्हा माजते. निदानपरिवर्जनाविना केलेली चिकित्सा याहून वेगळे काय देणार?

जमिनीवरही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी कलकत्त्याच्या उद्यानात आणलेली घाणेरी आज देशभरच्या डोंगरउतारांवर आहे. तिच्या दाट जाळीखाली गवत व कोवळी रोपे तग धरत नाहीत. पाने विषारी असल्याने गुरे ती टाळतात, आणि फळे खाणारे बुलबुल मात्र तिचे बी दूरवर नेतात. गाजरगवताची नोंद पुण्यात १९५०च्या दशकात झाली. त्याने होणारा त्वचादाह व श्वास आपण चिकित्सालयात पाहतोच. मला काष्ठौषधी पुरवणारे एक वृद्ध गृहस्थ सांगतात, की मुसळीचे त्यांचे जुने उतार घाणेरीने झाकले आहेत. बेसुमार खुडणी हेही एक कारण आहे, हे तेच प्रांजळपणे मान्य करतात.

यावर आपल्यातूनच एक आक्षेप येतो. जगात अनौषधी द्रव्य नाही, मग या वनस्पतींचेही गुण शोधून त्यांची लागवड का करू नये? परंतु त्या सिद्धांताला युक्ती आणि प्रयोजन यांची अट जोडलेली आहे. काढून टाकलेल्या पानवेलीचे खत करणे ही युक्ती. तिची मागणी निर्माण करणे ही अयुक्ती. ज्या तणावर कोणाचा व्यवसाय उभा राहतो, ते तण मग कोणी समूळ उपटत नाही.

परके ते सारे त्याज्य, असेही माझे म्हणणे नाही. चोपचिनी बाहेरून आली व भावप्रकाशात स्थान पावली; टोमॅटो आणि मिरची आपल्या शेतात नांदतात. शेताच्या बांधात राहणारी वनस्पती पाहुणी. बांध ओलांडून इतरांची जागा बळकावणारी आक्रमक. भेद जन्मस्थानाचा नसून वर्तनाचा आहे.

सुश्रुताने औषधिग्रहणापूर्वी भूमिपरीक्षा सांगितली. औषधनिर्माते व दुकानदार बंधूंनी मालाच्या शुद्धतेबरोबर तो कोणत्या रानातून आला आणि त्या रानाची आज काय अवस्था आहे, हेही पुरवठादारास विचारावे. संस्थांच्या वृक्षारोपणात लवकर हिरवे दिसते म्हणून गिरिपुष्प न लावता बेहडा, अर्जुन, करंज लावावेत. गाजरगवत फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे.

रान हेच आपले मूळ औषधालय आहे. त्याचीच प्रकृती बिघडली, तर आपल्या कपाटातील बरण्या किती काळ भरलेल्या राहतील, याचा विचार प्रत्येक वैद्याने करावा.