पोळी सोडण्याआधी रक्त तपासा

दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत ती दोनदा थांबते. कठड्याला धरून, भाजीची पिशवी पायरीवर टेकवून. छातीतली धडधड जरा बसली की पुढच्या पायऱ्या चढते, आणि घरात आल्यावर कोणाला काही सांगत नाही. वय जेमतेम पस्तीस. अशी बाई तुमच्या घरात आहे का? बहीण, सून, वहिनी, आई? असेल तर हे शेवटपर्यंत वाचा.

तिचं हिमोग्लोबिन आठ-नऊच्या वर जात नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाला, गूळ-शेंगदाणे झाले. पोट फुगतं, त्याला आपण गॅसेस म्हणतो. सारखं तोंड येतं, ती उष्णता. धडधडतं, ते टेन्शन. प्रत्येक तक्रारीला घरात एक नाव तयार असतं आणि त्या नावाखाली वर्षं निघून जातात. या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच असेल, अशी शंकाही कोणाला येत नाही.

ते मूळ लहान आतड्यात असू शकतं. आजाराचं नाव सिलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन असतं. कणीक मळताना तिला जो चिवटपणा येतो, तो त्याचाच. काही माणसांच्या पोटात हे ग्लूटेन गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. आतड्याचं मखमलीसारखं अस्तर झिजून सपाट होतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. लोह नाही, फोलेट नाही, कॅल्शियम नाही. रक्त कमी झालं की तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त धावावं लागतं. जिन्यातली धडधड अशीही येते. पोटॅशियम, मॅग्नेशियम फार घसरलं तर ठोक्यांचा तालही चुकतो.

म्हणून डॉक्टरांना विचारा. संकोच करू नका. "गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नाही, सिलिॲकसाठी टीटीजी तपासायची का?" एवढंच विचारा. रक्ताची साधी चाचणी आहे. तिच्यासोबत एकूण आयजीए, म्हणजे रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं, किती आहे ते बघतात, कारण ते मुळातच कमी असेल तर टीटीजी फसवी येते. शंका पक्की वाटली तर दुर्बिणीने आतड्याचे छोटे तुकडे घेऊन तपासतात. गोळ्या न लागण्याची कारणं इतरही असतात, ती डॉक्टर बघतीलच. पण हे एक कारण राहून जाऊ देऊ नका.

हृदयाशी असलेलं नातं फक्त रक्त कमी होण्यापुरतं नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी हृदयाच्या स्नायूला सूज आलेले 187 रुग्ण तपासले; निष्कर्ष 2002 मध्ये आले. त्यांतल्या नऊ जणांना सिलिॲक निघाला, आणि त्या नऊही जणांच्या अंगात लोह कमी होतं. ज्यांचे ठोके अनियमित होते, त्यांना ग्लूटेन बंद केल्यावर फरक पडला. ब्रिटनमध्ये दोन हजारांहून अधिक सिलिॲक रुग्णांची बारा वर्षं पाहणी झाली. 2023 मध्ये निष्कर्ष आले: हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका इतरांपेक्षा 27 टक्के जास्त. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असं लगेच ठरत नाही, हे खरं. पण सिलिॲक असलेल्या माणसाची धडधड "काही नाही गं, दगदग होते" म्हणून उडवून लावण्याइतकी ही गोष्ट लहानही नाही.

आता जीव तोडून एक सांगते. कोणाच्या सांगण्यावरून आज पोळी बंद करू नका! गहू सोडला की रक्तातल्या खुणा पुसट होत जातात, आतडं भरून येऊ लागतं, आणि आजार असूनही चाचणी 'नाही' सांगते. मग निदान होतच नाही. रोज गहू खाताखाताच तपासणी करा. आणि ज्यांना हा आजार नाही, त्यांनी हृदयासाठी म्हणून गहू सोडण्याचं कारण नाही. अमेरिकेत एक लाखाहून अधिक लोकांच्या आहाराचा पंचवीसहून अधिक वर्षांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. ग्लूटेन कमी खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, असं त्यात दिसलं नाही.

आणि छातीवर दाब आला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, दरदरून घाम फुटला, माणूस चक्कर येऊन पडला, तर ग्लूटेनचा विचारही करू नका. 108 लावा. लगेच लावा. हृदयाची चालू असलेली औषधंही मनाने थांबवू नका.

निदान झालंच, तर घाबरू नका. आपलं स्वयंपाकघर या माणसाला उपाशी ठेवणारं नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, सगळ्या डाळी चालतात. धोका असतो तो न दिसणाऱ्या गव्हाचा. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली, की त्या पिठात गहू आलाच. गिरणीवाल्या काकांना सांगून भागत नसेल तर घरच्या घरी दळा. परात आणि पोळपाट वेगळे ठेवा. हिंगाची डबी हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा: बाजारच्या हिंगात बहुतेकदा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो. वरणाच्या फोडणीतल्या चिमूटभर हिंगातूनही गहू पोटात जातो. रवा, मैदा, शेवया म्हणजेही गहूच. "सणाला एक पुरणपोळी खा, काही होत नाही," असा आग्रह करू नका. होतं. तांदळाच्या पिठाची पोळी लाटून त्यात पुरण भरा, पण तिला पंगतीतून उठवू नका.

घरात एकाला निघाला तर सख्खी भावंडं, मुलं, आईवडील यांचीही चाचणी करून घ्या. मूल वयाच्या मानाने खुरटं राहिलं असेल तर आधी त्याची करा. "हा उत्तरेकडचा आजार" म्हणून गप्प बसू नका. उत्तर भारतात तो शंभरात एकाहून थोडा जास्त आढळला, दक्षिणेत हजारात एकाच्या आसपास. कमी आहे, पण आहे.

आज संध्याकाळी तिचे जुने रिपोर्ट काढा. किती वर्षं हिमोग्लोबिन तिथेच अडकलंय, ते तारखांसकट कागदावर लिहा. धडधड कधी होते, किती वेळ राहते, तेही लिहा. तो कागद घेऊन याच आठवड्यात तिच्यासोबत तुम्ही स्वतः डॉक्टरांकडे जा. सगळ्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत तिच्या ताटातली पोळी तशीच राहू द्या.