घाणा थांबला तरी वैरण लागतेच

कोकणात आपल्या पूर्वजांस ‘शनिवार तेली’ म्हणत. शनिवारी घाणा बंद असे. त्या दिवशी तीळ खर्ची पडत नसत. बैलास वैरण मात्र घालावीच लागे. खर्चाच्या या दोन जातींचा जर्मनीत ज्यांनी शास्त्रशुद्ध विचार केला, त्या प्राध्यापक ऑयगेन श्मालेनबाख यांचा परिचय आज आम्ही वाचकांस करून देत आहोत.

१८७३ साली जन्मलेले श्मालेनबाख कोलोन येथे प्राध्यापक होते. उत्पादनाबरोबर वाढणारा खर्च निराळा आणि भाडे, यंत्रे इत्यादींचा स्थिर खर्च निराळा मांडावा, हे मत त्यांनी १८९९ सालीच लेखांतून मांडले होते. त्यांच्या पत्नी मारियान ज्यू होत्या. १९३३ साली नाझी सत्तेवर येताच त्यांनी अध्यापन सोडले. १९४४ साली उभयतांस लपून राहावे लागले. सुदैवाने दोघेही बचावली. युद्धानंतर हान्स-गेओर्ग प्लाउट व वोल्फगांग किल्गर यांनी हाच विचार कारखान्यांसाठी विस्ताराने विकसित केला.

आपल्या छोट्या धंद्यास याचा उपयोग काय? समजा, एक कुटुंब महिन्यास चिवड्याची ८०० पाकिटे २० शेकेलप्रमाणे विकते. जिन्नस व वेष्टन मिळून पाकिटामागे १२ शेकेल लागतात. जागेचे भाडे ४००० शेकेल. म्हणजे एक पाकीट १७ शेकेलला पडते. एका समारंभासाठी कोणी २०० पाकिटे १५ शेकेलने मागितली, तर ‘दोन शेकेल तोटा’ म्हणून नकार द्यावा काय? भाडे तर द्यायचेच आहे. हात आणि जागा मोकळी असेल, तर प्रत्येक पाकिटामागे ३ प्रमाणे ६०० शेकेल अधिकच उरतात.

परंतु हाच भाव सर्वांस लावला, तर १००० पाकिटांवर ३००० शेकेल उरतील, भाडे ४००० भरावे लागेल आणि हजाराची खोट येईल. एकदाची मागणी आणि नेहमीचा भाव यांत गल्लत झाली, की भरल्या दुकानासही टाळे लागते.

यास्तव आमची वाचकांस विनंती आहे की, महिनाअखेर वहीत दोन रकाने आखावेत: एक तिळाचा, दुसरा वैरणीचा. भाव ठरविण्यापूर्वी दोन्ही पाहावेत.