वाचलं, पण सांगू कुणाला?



आमच्या वर्गात खिडकीशेजारी एक लोखंडी कपाट आहे. त्यात गोष्टींची, विज्ञानाची, प्राणी-पक्ष्यांची मिळून सव्वाशेच्या आसपास पुस्तकं आहेत. हेच आमचं ग्रंथालय! दर शनिवारी कपाट उघडायचं, वहीत नाव लिहायचं आणि पुस्तक घरी न्यायचं, असा आमचा रिवाज. पण गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की तीच ती दहा-पंधरा पुस्तकं फिरताहेत. बाकीच्यांना कुणी हातही लावत नाही.

मग मला एक युक्ती सुचली. मनात म्हटलं, आता घरोघरी मोबाइल आहेत. पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट करू आणि त्यावर रोज एका पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो टाकू. मुलं धावतच येतील!

महिनाभर मी नेमानं फोटो टाकले. उत्तरादाखल काय आलं असेल? अंगठे! कुणी फुलं पाठवली, कुणी सुप्रभात म्हटलं. शनिवारी कपाटापुढं मात्र तीच चार टाळकी.

माझं काय चुकलं, ते मला एका मुलीनं शिकवलं. तिनं आईच्या फोनवरून गटावर स्वतःच्या आवाजात निरोप पाठवला. एका गोष्टीतला मुलगा अंधाऱ्या विहिरीशी येऊन थांबतो, इथपर्यंत तिनं रंगवून सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "पुढचं मी सांगणार नाही. पुस्तक सोमवारी परत करते आहे." सोमवारी त्या पुस्तकासाठी सात जण हजर! महिनाभराच्या फोटोंनी जे झालं नाही, ते तिच्या एका मिनिटानं झालं.

मी खूश झाले. गटावर रोज नवे आवाज येऊ लागले. आणि मग एक दिवस, परत आलेल्या पक्ष्यांच्या पुस्तकात मला घडी घातलेली चिठ्ठी सापडली. पेन्सिलीनं लिहिलेली.

"मॅडम, आमच्या घरी एकच फोन आहे. बाबा पहाटे भाजीची गाडी घेऊन मार्केट यार्डात जातात, तेव्हा फोन त्यांच्याबरोबर असतो. मी हे पुस्तक दोनदा वाचलं. यातली जांभळी पाणकोंबडी मी मामाच्या गावाजवळ पाहिली आहे. तिचे पाय लाल आणि लांब असतात. ती पाण्यातल्या पानांवरून चालते. पण हे सांगू कुणाला?"

चिठ्ठी वाचून मला वाईट वाटलं. हा मुलगा मागच्या बाकावर बसतो, फारसा बोलत नाही. गटावर त्याचा आवाज नाही, म्हणून तो वाचतच नसेल, असं मी धरून चालले होते. त्याच्या मामाचं गाव निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरजवळ आहे. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमावरची ही पाणथळ जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरली. पुस्तकात पक्ष्याचं चित्र होतं; पण तो आपल्याच जिल्ह्यात दिसतो, हे पुस्तकात नव्हतं. ते या मुलाला ठाऊक होतं!

मुलांनो, वाचकाला ग्रंथालयापेक्षा जास्त माहीत असू शकतं बरं का! याचं एक मोठं उदाहरण सांगते. अमेरिकेतलं लायब्ररी ऑफ काँग्रेस हे जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एक. त्यांच्याकडे जुन्या छायाचित्रांचे ढीग होते. पण फोटोतला माणूस कोण, जागा कोणती, हे पुष्कळदा कुणालाच सांगता येत नव्हतं. जानेवारी २००८ मध्ये त्यांनी त्यातले सुमारे ३,००० फोटो फ्लिकर या संकेतस्थळावर ठेवले. तिथं फोटोखाली कुणालाही लिहिता येतं. मग काय! कुणी फोटोतली इमारत ओळखली, कुणी जुन्या वर्तमानपत्रांतून तारीख शोधून काढली. ग्रंथालयातल्या मंडळींनी ही माहिती पडताळून पाहिली आणि खरी ठरली ती आपल्या सूचीत लिहून घेतली. त्याच वर्षात ५००हून जास्त नोंदी अशा सुधारल्या गेल्या. यातला 'पडताळून पाहिली' हा शब्द नीट लक्षात ठेवा. कुणी काहीही लिहिलं आणि ते खरं मानलं, असं झालं नाही.

आपल्या नाशिकलाही पुस्तकांभोवती माणसं जमवायची जुनी सवय आहे. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. तेव्हा आपल्या देशात प्रवासी आगगाडीसुद्धा धावत नव्हती! आणि २००९ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. एका पेटीत २५ पुस्तकं. ही पेटी वाचकांच्या एखाद्या गटाकडे काही महिने राहते, मग दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. अशा पेट्या दुबईच्या मराठी मंडळींपर्यंतही पोचल्या. पेटी एकाच्या घरी असली, तरी वाचणारे पुष्कळ. म्हणजे पुस्तकाच्या निमित्तानं दार वाजणार, गप्पा होणार. इंटरनेटवरचे गट आणखी वेगळं काय करतात? दार तेवढं दूरचं असतं!

तुमच्यातल्या मोठ्या मुलांना करता येईल असं एक काम आहे. मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात, लेखकाचे हक्क संपलेली जुनी पुस्तकं ठेवलेली असतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हे हक्क संपतात. छापील पानाचं चित्र एका बाजूला आणि मजकूर दुसऱ्या बाजूला असतो. यंत्राला जोडाक्षरं वाचताना चुका होतात. त्या आपण दुरुस्त करायच्या. न तपासलेलं पान लाल, एकानं तपासलेलं पिवळं आणि दुसऱ्यानंही तपासलं की हिरवं. शुद्धलेखनाचा कंटाळा येतो ना? इथं तुमच्या शुद्धलेखनानं एक अख्खं पुस्तक वाचवता येतं!

पालकहो, आता थोडं तुमच्याशी. फेसबुक, इन्स्टाग्राम यांवर १३ वर्षांखालच्या मुलांनी खातं उघडू नये, असा त्या कंपन्यांचाच नियम आहे. तेव्हा लहान मुलांनी पुस्तकाबद्दल सांगायचं ते तुमच्या फोनवरून, तुमच्या देखत. मुलाचा फोटो, पूर्ण नाव, पत्ता टाकायची गरज नाही. मत पुरे! पुस्तकाची पानंच्या पानं फोटो काढून पाठवू नका. लिहिणाऱ्याचा त्यावर हक्क असतो. आणि मुलाला आवडलं नाही, तर 'आवडलं नाही' असंच सांगू द्या. आई-बाबांनी लिहून दिलेलं गोड मत आम्हा शिक्षकांना लगेच ओळखू येतं हं!

त्या चिठ्ठीचं पुढं काय झालं? मी त्या मुलाला आणि त्याच्या बाबांना विचारलं. दोघांनी होकार दिला, तेव्हा नाव झाकून चिठ्ठीचा फोटो गटावर टाकला. दुसऱ्या दिवशी वर्गात एकच प्रश्न, "पाणकोंबडी कुणी पाहिली?" मागच्या बाकावरचा हात हळूच वर आला. मग मधल्या सुट्टीभर तो बोलत होता आणि बाकीचे ऐकत होते. आता आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवला आहे. वाचणाऱ्यानं त्यावर दोन ओळी लिहायच्या. ज्यांच्या घरी फोन आहे ते गटावर बोलतात, ज्यांच्याकडे नाही ते कागदावर. दर शनिवारी मी कागदावरचं गटावर पोचवते आणि गटावरचं वर्गात वाचून दाखवते.

तुम्हीही या आठवड्यात करून पाहा. वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल तीन वाक्यं लिहा: मी कुठं थांबलो, मला काय पटलं नाही आणि पुस्तकात नसलेलं मला काय माहीत आहे. ती तुमच्या ग्रंथपालांना किंवा बाईंना, सरांना द्या. आणि त्यांना विचारा, "आमच्या मतांसाठी एक जागा कराल का?" भिंतीवर करा म्हणावं, नाहीतर फोनवर. वाचून झाल्यावर 'सांगू कुणाला?' असा प्रश्न कुणाला पडता कामा नये!

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमची,
बाई