ब्रीदरचा धूर आणि तेलाचा डबा

बैलास धाप लागली कीं आमचा शेतकरी तत्काळ जूं खालीं ठेवतो. परंतु त्याच्या दारीं उभ्या असलेल्या ट्रॅक्टरास किंवा मोटारीस धाप लागली, तर त्याची दाद घेण्याची संवय आम्हांस अद्यापि लागलेली नाहीं. इंजिनासहि श्वास सोडण्याची एक वाट असते. तिला ब्रीदर म्हणतात. अलीकडे या ब्रीदरच्या नळीस तेल पकडणारा एक डबा जोडण्याची टूम निघाली आहे. दुकानदार त्याची स्तुति करतात, तरुण मंडळी तो हौसेनें बसवितात, आणि कांहीं जुने मिस्त्री त्यास शुद्ध खूळ म्हणतात. प्रश्न केवळ डब्याच्या किमतीचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. तो ऐन पेरणींत इंजिन उभें राहण्याचा आहे; म्हणून या वादांत खरें काय तें पाहणें अवश्य आहे.

इंधन जळतांना उत्पन्न होणारा दाब पिस्टनच्या रिंगा अडवितात. परंतु रिंगा कितीहि नव्या असोत, थोडा वायु त्यांच्या कडेनें खालीं चेंबरमध्यें उतरतोच. त्यांत काजळी, पाण्याची वाफ व न जळलेलें इंधन असतें, आणि चेंबरमध्यें उसळणाऱ्या तेलाचे सूक्ष्म कण त्यांत मिसळतात. हा वायु कोंडला तर दाब वाढून ऑईल सील गळूं लागतात, व तेलहि लवकर नासतें. म्हणून ब्रीदर. जुन्या इंजिनांत ही नळी जमिनीकडे मोकळी सोडीत. पुढें अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरावर विषारी धुकें पसरूं लागलें. १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानें त्याचा संबंध मोटारींतून निघणाऱ्या वायूंशीं जोडला, आणि १९६१ च्या नमुन्यांपासून कॅलिफोर्नियांत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत ब्रीदरचा वायु परत इंजिनाच्या हवेच्या वाटेंत सोडून जाळण्याची योजना आली. आज हीच रीत सर्वत्र रूढ आहे.

योजना उत्तम खरी. परंतु वायूबरोबर तेलहि हवेच्या वाटेंत शिरलें. पूर्वींच्या पेट्रोल इंजिनांत इंधन झडपेच्या पाठीवर शिंपडलें जाई, त्यामुळें झडप आपोआप धुतली जात असे. थेट इंजेक्शनाच्या इंजिनांत पेट्रोल एकदम सिलिंडरांत जातें; झडपेस स्नान घडत नाहीं, आणि तिच्यावर तेल करपून कोळशाचा थर चढतो. थेट इंजेक्शन व सुपरचार्जर यांची जोडी कांहीं आजची नव्हे. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन विमानांच्या डी. बी. ६०१ इंजिनांत हीं दोन्हीं होतीं. आतां मात्र तसली जोडी लहान मोटारींतहि आली आहे. डिझेल इंजिनांत झडप कधींच धुतली जात नव्हती. त्यांतून नव्या इंजिनांत धुराचा कांहीं अंश परत आंत घेतात, तेव्हां त्याची काजळी व ब्रीदरचें तेल मिळून हवेच्या वाटेंत डांबरासारखा चिखल होतो.

सुपरचार्जर पट्ट्यावर फिरतो व टर्बो धुराच्या जोरावर. पण हवा दाबून भरणें हें दोघांचें काम एकच. दाबून भरलेल्या इंजिनांत सिलिंडरचा दाब अधिक, म्हणून रिंगांवाटे निसटणारा वायुहि अधिक. शिवाय भार पडतांच हवेच्या वाटेंत उलट दाब असल्यामुळें ब्रीदरचा वायु तेथें शिरूं शकत नाहीं. तो चार्जरच्या अलीकडे सोडावा लागतो. मग त्यांतील तेल चार्जर, इंटरकूलर व झडपा या सर्वांस माखीत जातें.

तेव्हां वाटेंत डबा ठेवून तेल पकडावें ही कल्पना चुकीची नाहीं. परंतु आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, डबा ही औषधाची बाटली नव्हे, ती आणेवारी आहे. आणेवारीनें पीक वाढत नाहीं, पण किती बुडालें तें कळतें. दर महिन्यास डब्यांत किती तेल सांचलें याची नोंद ठेवावी. तें एकाएकीं वाढूं लागलें, तर रिंगा व लायनर झिजल्याचा संशय घेऊन कॉम्प्रेशन तपासून घ्यावें. झिजलेल्या इंजिनास डबा लावून निश्चिंत राहणें म्हणजे गळक्या कणगीखालीं सूप ठेवून धान्य राखल्याचें समाधान मानणें होय.

आणि रिंगा झिजतात कशानें? आमच्याकडे मुख्यतः धुळीनें. रोटाव्हेटर व मळणीच्या धुळींत एअर फिल्टर तुंबतो, किंवा त्याचें रबर फाटून धूळ थेट आंत जाते व लायनर खरवडतें. तुंबलेल्या फिल्टरमुळें ओढ वाढून ब्रीदरमधून तेलहि अधिक खेंचलें जातें. म्हणून ज्याच्यापाशीं पैसे थोडे आहेत, त्यानें ते प्रथम फिल्टरवर व वेळच्या वेळीं तेल बदलण्यावर खर्चावे. डब्याचा विचार मागाहून.

डबा घेणेंच असेल, तर तो आंतून जाळी किंवा आडपडदे असलेला घ्यावा. रिकाम्या डब्यांतून तेलाचे कण वायूबरोबर निसटून जातात. तो गार जागीं बसवावा, सांधे घट्ट असावे, आणि दुसरी नळी मूळ जागींच परत जोडावी. ती उघडी सोडणें म्हणजे लॉस एंजेलिसचें संकट आपल्या अंगणांत आणणें होय. आणि पेट्रोल इंजिनांत सांधा फुटका राहिला तर हवेचें मापहि चुकतें. थंडीच्या दिवसांत डब्यांत पाणी मिसळून दुधासारखा लगदा होतो, म्हणून तो वरचेवर रिकामा करावा. तें तेल पुन्हां इंजिनांत घालूं नये, विहिरीच्या कांठीं तर मुळींच ओतूं नये. वॉरंटीच्या मुदतींत असा फेरफार करण्यापूर्वीं कंपनीची लेखी संमति घ्यावी.

कांहीं गृहस्थ ब्रीदरमधून तेल येतें म्हणून नळींत चिंधी कोंबतात. हा निव्वळ आत्मघात आहे. दुसरा घातक प्रकार म्हणजे चेंबरमध्यें खुणेपेक्षां अधिक तेल भरणें. जादा तेल ब्रीदरवाटे हवेच्या वाटेंत गेलें, तर डिझेल इंजिन त्याच तेलावर बेफाम धांवूं लागतें. मग किल्ली फिरविली तरी तें थांबत नाहीं, कारण त्याचें अन्न पंपांतून येतच नसतें. अशा वेळीं हवा बंद करणें हाच उपाय. हवेच्या तोंडावर जाड फळी दाबावी, हात मात्र कदापि लावूं नये. तें साधत नसेल तर दूर व्हावें. इंजिनापेक्षां माणूस मोलाचा आहे.

कोणी विचारील कीं, डबा हितकर असता तर कंपनीनेंच तो बसविला नसता काय? यास उत्तर असें कीं, डबा रिकामा करण्यास मालक लागतो, आणि कंपनीस मालकाचा भरंवसा देतां येत नाहीं. म्हणून ती तेल वेगळें करून आपोआप चेंबरमध्यें परत सोडणारी योजना बसविते. ती योजना सर्व यंत्रांत चांगल्या प्रतीची असावी, व तिची निगा कशी राखावी हें यंत्राबरोबरच्या पुस्तकांत शुद्ध मराठींत छापावें, अशी मागणी शेतकऱ्यांच्या संस्थांनीं एकमुखानें केली पाहिजे. यंत्राची पूर्ण किंमत मोजणाऱ्यास त्याचें पूर्ण ज्ञान मिळणें हा त्याचा हक्क आहे.

तोंपर्यंत प्रत्येक सुज्ञ बंधूनें एवढें तरी करावें: तेल बदलतांना ब्रीदरची नळी काढून पाहावी, ती मोकळी आहे ना याची खात्री करावी, आणि काय दिसलें तें तारखेसह वहींत लिहून ठेवावें. डबा घ्यावा कीं न घ्यावा, याचा निवाडा ती वहीच करील.